भितरकनिका: मगरीमुळे राहिलेलं रान

ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यात, ब्राह्मणी आणि वैतरणी समुद्राला मिळतात तिथं भितरकनिका राष्ट्रीय उद्यान आहे. इथं जीपमधून फिरणं नाही. गुप्ती किंवा खोला इथल्या नाक्यावर बोटीत बसायचं आणि खाड्यांमधून डांगमाळकडे निघायचं. हिवाळ्यात ओहोटीला दोन्ही काठांचा चिखल उघडा पडतो, तेव्हा नावाडी इंजिन मंद करतो. करड्या, चकाकत्या उतारावर आधी निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारताना दिसतात. त्यांच्या वरच्या बाजूला, चिखलाच्याच रंगाचा, वाहून आलेल्या ओंडक्यासारखा एक आकार पडलेला असतो. नीट पाहिलं की उघडा जबडा दिसतो आणि आतला पिवळट भाग उन्हात उजळलेला. बोट जवळ सरकली की तो आकार पोटावर घसरत पाण्यात जातो, आणि वर उरतात फक्त दोन डोळे नि नाकपुड्या.

आज बोटीतल्या जवळजवळ प्रत्येकाला ही खाऱ्या पाण्यातली मगर दिसते. पन्नास वर्षांपूर्वी मात्र तिचा शेवट जवळ आल्यासारखीच परिस्थिती होती.

हा मुलूख पूर्वी कनिकाच्या राजांच्या जमीनदारीत होता, आणि हे रान म्हणजे त्यांचं शिकारीचं राखीव जंगल. बोटीतून उतरून आतल्या पायवाटेनं चालत गेलं की राजाचा शिकारीचा मनोरा अजून उभा दिसतो. शेजारी गोड्या पाण्याचं तळं आहे. चारी बाजूंनी खारं पाणी, त्यामुळे चितळं प्यायला तिथंच येणार, हे हेरूनच जागा निवडलेली. १९२६ साली धामरा भागात मारलेल्या एका प्रचंड मगरीची कवटी राजघराण्यानं जपून ठेवली होती. शिकार होती हे खरं, पण राजाच्या धाकानं झाडं शाबूत राहिली, हेही तितकंच खरं.

१९५२ मध्ये जमीनदारी गेली आणि धाकही गेला. बंगालकडून आलेले निर्वासित आणि ओडिशातलीच भूमिहीन कुटुंबं पोटासाठी इथं आली. त्यांनी कांदळवन तोडलं, बांध घातले, भात लावला. त्यांना दोष देण्यात मला अर्थ वाटत नाही. पण झाडी मागे हटली तशी मगरींची घरटी करायची जागाही गेली. त्यात कातड्याचा व्यापार, अंड्यांची चोरी आणि मासेमारीच्या जाळ्यांत होणारे मृत्यू. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तोवर देशभरातल्या मगरी संपत आल्या होत्या.

१९७५ हे इथलं कलाटणीचं वर्ष. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे तज्ज्ञ एच. आर. बस्टर्ड यांच्या सल्ल्यानं देशात मगर संवर्धनाचा प्रकल्प सुरू झाला. त्यातलं खाऱ्या पाण्यातल्या मगरीचं केंद्र डांगमाळला उभं राहिलं. तिथं सुधाकर कर यांनी पुढं आयुष्यभर काम केलं. त्याच वर्षी अभयारण्यही जाहीर झालं.

काम मोठं चिकाटीचं होतं. मादी पावसाळ्याच्या तोंडाला पानं, नेचे आणि चिखल यांचा ढिगारा रचते आणि त्यात पन्नासेक अंडी घालते. पाला कुजताना जी ऊब निघते, तिच्यावर अंडी उबतात. त्या उबेवरच पिल्लू नर होणार की मादी तेही ठरतं. भरतीचं पाणी घरट्यात शिरलं, किंवा घोरपडीनं वा रानडुकरानं ढिगारा उकरला, की सगळं गेलं. प्रकल्पातली माणसं आई राखण करत असताना ती घरटी शोधत, अंडी केंद्रात आणून तशाच उबेत ठेवत, आणि पिल्लं मीटरभर लांबीची झाली की पुन्हा खाडीत सोडत. सुरुवातीच्या त्या पिल्लांतलं एक पांढरट निघालं. तिचं नाव गोरी ठेवलं आणि तिला केंद्रातच वाढवलं.

१९७६ च्या मोजणीत ९६ मगरी होत्या. आता दर जानेवारीत होणाऱ्या मोजणीचा आकडा १८०० च्या वर गेला आहे. १ मे ते ३१ जुलै उद्यान बंद का, म्हणून पर्यटक कुरकुरतात. त्याचं उत्तर त्या पालापाचोळ्याच्या ढिगाऱ्यात आहे. ऑगस्टमध्ये बोटी पुन्हा सुरू होतात तेव्हा बगागहनला पाखरांची वसाहत भरलेली असते. मुग्धबलाक, बगळे, पाणकावळे एकाच झाडावर मजल्यामजल्यानं नांदत असतात. ही वसाहत १९८१ मध्ये उजेडात आली.

मगरीसाठी मिळालेलं संरक्षण हळूहळू सगळ्या रानाला मिळालं. १९९८ मध्ये १४५ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान झालं, २००२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नाव आलं. कोकणातल्या खाडीकाठी वाढलेल्या माणसाला इथले तिवर आणि कांदळ ओळखीचे वाटतील. सुंदरी आणि हेंताळ मात्र नवे. लगतचा गहिरमाथा किनारा ऑलिव्ह रिडले कासवांचा, १९९७ पासून सागरी अभयारण्य. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये खूणपट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत थेट आपल्या गुहागरला अंडी घालायला आली, तेव्हा हे दोन किनारे मला एकाच घराची दोन दारं वाटली.

२९ ऑक्टोबर १९९९ चं महाचक्रीवादळ हा या रानाचा सगळ्यात कठीण दिवस. ओडिशात सुमारे दहा हजार माणसं गेली. नंतर अभ्यासकांनी केंद्रपाड्यातली गावं तपासली तेव्हा दिसलं की, गाव आणि समुद्र यांच्यामध्ये कांदळवनाचा रुंद पट्टा होता तिथं कमी माणसं दगावली.

पण त्याच गावांना मगरींची किंमतही मोजावी लागते. नदीवर भांडी घासताना, गुरं धुताना, मासे धरताना माणसं ओढली गेली आहेत. वरच्या अंगाला धरणं आणि कारखाने ब्राह्मणीचं गोडं पाणी उचलतात, बेकायदा कोळंबीच्या घेरी, म्हणजे बांध घालून केलेली तळी, काठ खातात, आणि त्यामुळे मगर आणि माणूस आणखी जवळ येतात. नाक्याकडे परतताना बोटीतून गावांचे घाट दिसतात. तिथं पाण्यातच बांबू रोवून अर्धगोल कुंपण केलेलं असतं, आणि त्या कुंपणाच्या आत एखादी बाई कळशी भरत उभी असते.