योनीचं आरोग्य आणि कोकणातला पावसाळा

योनी म्हणजे गर्भाशयाच्या तोंडापासून बाहेर येणारी आतली नळी, बाहेरून दिसतो तो भाग वेगळा, आणि निगेतला निम्मा घोळ इथेच होतो. गावाकडे जुन्या बायका मायांग म्हणतात, नाहीतर नुसतं 'खाली', त्यामुळे डॉक्टरांपुढे नेमकं काय होतंय ते सांगतानाच पंचाईत होते.

पाळीच्या वयात योनी आंबट असते, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) साधारण ३.८ ते ४.५. इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनमुळे आतल्या अस्तरात ग्लायकोजेन नावाची साखर साठते, त्यातून लॅक्टोबॅसिलस जिवाणू लॅक्टिक ॲसिड बनवतात आणि त्या आंबटपणात बाकीचे जंतू फारसे टिकत नाहीत. जर्मन डॉक्टर डोडरलाइनने १८९२ मध्ये या जिवाणूंचं वर्णन केलं. दह्यातले जिवाणू यांचेच भाऊबंद, पण म्हणून दही आत लावायचं नाही हां! साबण, डेटॉलचं पाणी, सुगंधी वॉश यातलं काहीच आत जाता कामा नये, बाहेरून साधं पाणी पुरतं. आतून धुतलं की चांगले जिवाणूच वाहून जातात.

कोकणातली खरी अडचण मात्र जून ते सप्टेंबरची. तरवा (भाताची रोपं) काढायला नि लावणीला बाई सकाळपासून चिखलात वाकलेली, इरलं पाठीवर असलं तरी कमरेखाली सगळं चिंब, त्यात पाळी असेल तर पॅड किंवा कापड बदलायला आडोसा नाही, खरंतर ते चार ते सहा तासांनी बदलायला हवं. ओल्याने जांघेतली कातडी नरम पडून चिघळते आणि बुरशीला आयतं फावतं. घरी आल्यावर निकर वाळत घालायची तीही पडवीत टॉवेलखाली लपवून, कोणाला दिसू नये म्हणून, म्हणजे ती दुसऱ्या दिवशीही दमटच! ऊन नसेल तर चुलीजवळच्या दोरीवर उघडी टाका, नाहीतर इस्त्री फिरवा, पण दमट घालू नका. जांघेत गजकर्ण झालं तर मेडिकलमधून स्वतःच्या मनाने ट्यूब आणू नये, बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं आणि गजकर्ण आणखी पसरतं.

अंगावरून थोडं पांढरं जाणं हा आजार नाही, दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत ते पातळ नि चिकट होतं. दह्याच्या कवडीसारखं आणि सोबत खाज असेल तर बहुतेक कॅन्डिडा या बुरशीचा त्रास, तो अँटिबायोटिकनंतर, गरोदरपणात आणि शुगर वाढलेल्यांना जास्त होतो. करडं, पातळ, वास मारणारं असेल तर बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे चांगले जिवाणू कमी होऊन दुसरे वाढलेले. पुस्तकात या वासाला माशाचा वास म्हणतात, आता दिवसभर बाजारात मासळी विकून आलेल्या बाईला यातून काय कळणार, म्हणून आंघोळीनंतरही वास राहतो का ते बघावं. हिरवट पिवळं, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास हा संबंधातून पसरणारा जंतू असू शकतो, त्यात नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्या लागतात, नाहीतर पुन्हा होतं (नवरे टाळतात, हे वेगळं सांगायला नको).

पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, कोरडेपणा, जळजळ येते, त्यावर डॉक्टर क्रीम देतात. पण पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर डागभर जरी रक्त दिसलं तरी लावणी संपायची वाट न बघता तपासून घ्यायचं.