‘पाहिजेत’ची पाटी वाचणारं यंत्र

भोसरी एमआयडीसीत फिरलात, तर कुठल्या ना कुठल्या फाटकावर पाटी दिसतेच : ‘सीएनसी, व्हीएमसी ऑपरेटर पाहिजेत. आयटीआय पास. अनुभवींना प्राधान्य.’ सीएनसी, व्हीएमसी म्हणजे संगणकाच्या हुकमावर धातू कापणारी यंत्रं. तीन ओळींत काम, शिक्षण, कौशल्य सगळं आलं. अशा जाहिरातींचा ढीग एकत्र केला तर नोकऱ्यांच्या बाजाराची नाडी कळेल, ही कल्पना जुनीच. अमेरिकेतली कॉन्फरन्स बोर्ड ही संस्था १९५१ पासून वर्तमानपत्रांतल्या अशा जाहिराती मोजायची. पण नुसत्या मोजायची. आता त्यांचा मजकूरही वाचला जातो, आणि वाचतं सॉफ्टवेअर.

खरी डोकेदुखी तिथेच आहे. एकच जाहिरात पाच पोर्टलवर झळकते. ती एकदाच धरायची. कुणी ‘सेल्स एक्झिक्युटिव्ह’ लिहितो, कुणी ‘बिझनेस डेव्हलपमेंट असोसिएट’. काम बहुतेकदा तेच, उन्हातान्हात फिरून माल खपवायचं. इंग्रजी जाहिरातीत ‘एक्सेल’ आलं, तर ते हिशेबाचं सॉफ्टवेअर की ‘चमकून दाखवा’ म्हणणारं क्रियापद, हे आजूबाजूच्या शब्दांवरून ताडावं लागतं. मग हे सगळं एका ठरावीक कोशाशी जुळवायचं. युरोपीय संघाच्या ‘एस्को’ कोशात सुमारे ३,००० व्यवसाय आणि १३,०००हून जास्त कौशल्यं आहेत.

एवढ्या खटाटोपातून हाती काय लागतं? ब्रॅड हर्शबाइन आणि लिसा कान या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या जवळपास १० कोटी जाहिराती तपासल्या. त्यांचा निबंध २०१८चा. २००८च्या सुमाराच्या मंदीने ज्या शहरांना जास्त झोडपलं, तिथे शिक्षणाच्या आणि अनुभवाच्या अटी जास्त वाढल्या होत्या. मंदी ओसरली, अटी मात्र २०१५ अखेरपर्यंत तशाच. घरोघरच्या सर्वेक्षणात हे हाती लागणं कठीण, कारण तिथे ‘काय काम करता’ अशी कामगाराची माहिती विचारतात. मालकाने काय मागितलं होतं, ते नाही.

आपल्याकडे मात्र बहुतेक कामं जाहिरातीविनाच मिळतात. ऑगस्ट २०२१मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर ३० कोटींहून अधिक असंघटित कामगारांची नोंद झाली आहे, आणि व्यवसाय निवडायला साधारण ४०० पर्याय. माझ्या मते ही मोठीच मजल आहे. तरी सकाळी मजूर अड्ड्यावर उभं राहून बघा. ओळंब्यात भिंत उचलणारा गवंडी, गिलावा करणाराही गवंडीच. कुणाला कुठल्या साइटवर धाडायचं, ते मुकादमाच्या डोक्यात असतं. तो जाहिरात देत नाही, फोन लावतो.