कटाच्या पिशवीची जन्मकथा

कोल्हापुरात मिसळ पार्सल घेतली की कट वेगळ्या पिशवीत मिळतो. गाठ अशी मारलेली, की शेवटी दातच लावावे लागतात. रस्सा संपतो, पण पिशवी कितीही विसळा, लालसर तेलकटपणा काही जात नाही. पिशवी बहुधा पॉलिथिनची, आणि पॉलिथिन तेलाच्याच जातकुळीचं. पाण्याशी वैर, तेलाशी सलगी.

हे पॉलिथिन सापडलं अपघातानं. मार्च 1933 मध्ये इंग्लंडातल्या विनिंग्टनला आयसीआय कंपनीचे गिब्सन आणि फॉसेट प्रचंड दाबाखाली इथिलीन वायूवर वेगळाच प्रयोग करत होते. भांड्यात मिळाला चिमूटभर पांढरा, मेणासारखा पदार्थ. प्रयोग पुन्हा हुकमी जमेना. 1935 मध्ये कळलं, की प्राणवायूचा अंश शिरला तरच गाडी पुढे सरकते.

आत घडतं ते फुगडीसारखं. इथिलीनमधले दोन कार्बन एकमेकांचे दोन्ही हात धरून असतात. दोघांनी एकेक हात सोडून शेजाऱ्याचा धरला, त्यानं पुढच्याचा, की हजारो रेणूंची साखळी तयार. यात बाहेर काहीच पडत नाही, म्हणून हे समावेशन बहुवारिक, म्हणजे ॲडिशन पॉलिमर. पीव्हीसी पाइप, पॉलिप्रोपिलीनचे डबे, थर्माकोल ही सगळी याच घराण्यातली.

दुसऱ्या महायुद्धात पॉलिथिन रडारच्या केबलींवर चढलं. 1953 मध्ये जर्मनीत कार्ल झिग्लर यांनी उत्प्रेरक वापरून कमी दाबात सरळ साखळ्या बनवल्या. चुरचुर वाजणारी पातळ पिशवी या सरळ साखळ्यांची, दुधाची मऊ पिशवी मुख्यतः फांद्या फुटलेल्या साखळ्यांची. इटलीच्या ज्युलिओ नाता यांनी पॉलिप्रोपिलीनची साखळी शिस्तीत आणली. दोघांना 1963 चं नोबेल मिळालं.

कार्बनची ही साखळी जिवाणूंना सहज तोडता येत नाही. बंब पेटवायला कॅरीबॅग घालणारी घरं आपल्याकडे कमी नाहीत, पण अर्धवट जळताना काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड निघतो. पीव्हीसी असेल तर हायड्रोजन क्लोराइडही. वितळवून पुन्हा वापरणं शक्य आहे, पण धुतलेल्या दुधाच्या पिशव्या घेणारा भंगारवाला कटाच्या पिशवीकडे बघतही नाही. तेलकट, आणि वजन नाहीच.

राज्यात 2018 मध्ये अशा पिशव्यांवर बंदी आली. पूर ओसरला की पंचगंगेकाठच्या झाडांवर पिशव्या अजून लटकतात. घरून स्टीलचा डबा नेला, तर कट देणारा पोऱ्या मात्र हात जरा सैल सोडतो, असा माझा अनुभव.