ईएसएल की बायलिंग्वल? अमेरिकेत शिक्षिका व्हायला निघालेल्यांचा नेहमीचा घोळ

"अगं, मला तीन भाषा येतात. मग मी बायलिंग्वल टीचरच होते ना, त्यात विचार कसला करायचा!"

फोनवर माझी सांगलीची मैत्रीण होती. बी.एस्सी., बी.एड. झालेली, तिकडे दोन वर्षं शाळेत शिकवलेली. लग्नानंतर शिकागोच्या उपनगरात आली आणि एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, घरीच राहिली. आता ईएडी, म्हणजे नोकरीचा परवाना, हातात आलंय, मुलं शाळेत गेली की घर खायला उठतं, आणि डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे तिथल्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागाच्या, वेबसाइटवर शिक्षकांच्या जागा दिसतायत. काही जागांपुढे 'ईएसएल' (इंग्लिश ॲज अ सेकंड लँग्वेज, दुसरी भाषा म्हणून इंग्रजी) लिहिलंय, काहींपुढे 'बायलिंग्वल', म्हणजे द्वैभाषिक.

तिला हसण्याचा मला अधिकार नाही, कारण मीही हेच केलं होतं. माझ्या पहिल्यावहिल्या अर्जात 'बायलिंग्वल'च्या चौकटीत मी दिमाखात खूण केली होती. मुख्याध्यापिकाबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "कोणत्या भाषेची परीक्षा दिलीत?" मी म्हटलं, परीक्षा कसली, मातृभाषा आहे माझी. त्यानंतरचा इंटरव्ह्यू चार मिनिटांत आटोपला.

दोन भाषा येणं हा माणसाचा गुण झाला. बायलिंग्वल शिक्षक हे पद आहे आणि त्यासाठी लायसन्सवर वेगळी नोंद लागते. तिला इथे एंडॉर्समेंट म्हणतात. ईएसएलचीही अशीच नोंद असते. दोघी शिक्षिकांसमोर बसलेली मुलं एकाच प्रकारची, म्हणजे घरी दुसरी भाषा बोलणारी, इंग्रजी अजून पक्की न झालेली. त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही कामं सारखीच वाटतात. आत गेल्यावर फरक कळतो.

तिसरीचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. होंडुरासहून येऊन सात आठवडे झालेला एक मुलगा. समोर शाब्दिक उदाहरण: मारियाकडे बारा सफरचंदं होती, तिने पाच वाटली, "हाउ मेनी ॲपल्स आर लेफ्ट?" त्याने उत्तर लिहिलं, चार. पोराला वजाबाकी येत नाही, असा शेरा कुणीही मारेल. प्रत्यक्षात त्याने चित्र बघितलं होतं आणि चित्रात डावीकडे चार सफरचंदं होती. 'लेफ्ट' म्हणजे डावं, हे त्याला गेल्याच आठवड्यात कुणीतरी शिकवलं होतं!

हाच मुलगा माझ्याकडे, म्हणजे ईएसएलकडे आला, तर मी त्या 'लेफ्ट'लाच धरून बसते. डब्यातले खडू वाटते, उरलेले मोजायला लावते, "थ्री आर लेफ्ट, टू आर लेफ्ट" त्याच्याकडून म्हणून घेते. वीस मिनिटांनी तो शब्द त्याचा होतो. गणित मी शिकवलेलंच नसतं. ते त्याच्या वर्गशिक्षिकेचं काम. मी कधी त्यांच्या वर्गात जाऊन बसते, कधी पाच-सहा जणांना माझ्या खोलीत आणते. (ही खोली पूर्वी स्टोअररूम होती. ईएसएलवाल्यांच्या बऱ्याच खोल्या पूर्वी काहीतरी वेगळंच असतात.) माझ्या टेबलाभोवती एकाच वेळी स्पॅनिश, उर्दू, पोलिश आणि युक्रेनियन बोलणारी मुलं असतात. त्यातली एक भाषा मला येते का, हे मला कुणी विचारत नाही.

बायलिंग्वल वर्गात शिक्षिका त्याला सरळ स्पॅनिशमध्ये विचारते, "कुआंतास मान्सानास केदान?" तो म्हणतो, "सिएते." सात. वजाबाकी त्याला आधीपासूनच येत होती. तिथे गणित, विज्ञान, वाचन, सगळं त्याच्या भाषेतून चालतं आणि सोबतीला इंग्रजीचा रोज ठरलेला तास असतो. वर्षागणिक इंग्रजीचा वाटा वाढत जातो. म्हणजे ती शिक्षिका पूर्ण वर्गशिक्षिका असते, आणि मी एका अर्थाने फक्त भाषेची. आपल्याकडच्या सेमी-इंग्रजीशी ताडून बघितलं तर चित्र अगदी उलटं दिसतं: तिकडे गणित-विज्ञान हटकून इंग्रजीतून, इकडे तेच विषय मुद्दाम घरच्या भाषेतून.

ही दोन कामं वेगळी का झाली, याचं मूळ एका खटल्यात सापडतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांत सुमारे १,८०० चिनी मुलांना इंग्रजी येत नव्हतं आणि त्यांना कसलीही जादा मदत मिळत नव्हती. 'लाऊ विरुद्ध निकोल्स' म्हणून हा खटला सुप्रीम कोर्टात गेला आणि १९७४ साली निकाल लागला. सगळ्यांना तीच पुस्तकं, तेच शिक्षक, तोच अभ्यासक्रम दिला म्हणजे समान वागणूक झाली असं होत नाही, कारण ज्याला भाषाच कळत नाही त्याच्यासाठी शिक्षणाची दारं बंदच राहतात, असं कोर्टाने म्हटलं. उपाय मात्र कोर्टाने ठरवून दिला नाही. मुलांना इंग्रजी शिकवणं हा एक मार्ग, त्यांच्या भाषेतून शिकवणं हा दुसरा, आणखीही असू शकतील, असं म्हणून विषय शाळांवर सोडला. माझ्या मते आजच्या या दोन एंडॉर्समेंट म्हणजे त्याच दोन मार्गांना मिळालेली सरकारी रूपं आहेत. तेव्हापासून त्यांच्यात रस्सीखेचही चालू आहे. कॅलिफोर्नियाने १९९८ साली सार्वमत घेऊन बायलिंग्वल वर्ग जवळपास बंद केले आणि २०१६ साली दुसरं सार्वमत घेऊन परत उघडले. मधल्या अठरा वर्षांत असे शिक्षक तयार होण्याचा ओघ आटला, त्याची टंचाई अजून सोसावी लागतेय.

आता लायसन्स. प्रत्येक राज्याचं शास्त्र वेगळं, म्हणून मी मैत्रिणीच्या इलिनॉयचंच सांगते. इथे शिक्षकाचं मुख्य लायसन्स म्हणजे पीईएल, प्रोफेशनल एज्युकेटर लायसन्स. त्यावर ईएसएल जोडायचं तर कॉलेजचे १८ सेमिस्टर अवर्स, म्हणजे साधारण सहा कोर्स, आणि या मुलांसोबत प्रत्यक्ष कामाचे १०० तास. बायलिंग्वल जोडायचं तरीही १८ सेमिस्टर अवर्स. कोर्सही बरेचसे सामायिक आहेत: मुलांचं मूल्यमापन, शिकवण्याच्या पद्धती, निरनिराळ्या संस्कृतींचा अभ्यास. त्यामुळे पुष्कळ शिक्षक एकाच फेरीत दोन्ही उरकतात. खरा फरक एकाच ठिकाणी आहे. बायलिंग्वलसाठी ज्या भाषेतून शिकवणार त्या भाषेची प्रावीण्य परीक्षा द्यावी लागते, आणि लायसन्सवर त्या भाषेचं नाव चढतं. 'बायलिंग्वल' असं नुसतं मोघम काही नसतं, बायलिंग्वल-स्पॅनिश, बायलिंग्वल-अरबी असं असतं. माझ्या चार मिनिटांच्या इंटरव्ह्यूचं कारण हेच.

त्या परीक्षेला कुणी घरची भाषा म्हणून हलक्यात घेऊ नये. भाजी घेण्याइतकी किंवा सिनेमा बघण्याइतकी भाषा तिथे पुरत नाही, शाळेची भाषा लागते. आपण मराठी माणसं 'हिंदी काय, येतेच' म्हणतो ना? मग तिसरी-चौथीचे अपूर्णांक हिंदीतून शिकवून बघा. आपला 'अंश' तिकडेही अंशच, पण आपला 'छेद' तिकडे 'हर' होतो. आपला लसावि तिकडे 'लघुत्तम समापवर्त्य'. मराठी माध्यमात शिकलेल्यांना निदान अर्ध्या वाटेवर ओळखीचे शब्द भेटतात. पुण्या-मुंबईत इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांची पंचाईत जास्त होते, कारण त्यांना मराठीतला छेदही माहीत नसतो.

मराठीचंच बायलिंग्वल का नाही, हा मैत्रिणीचा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर वीस या आकड्यात आहे. इलिनॉयमध्ये एका शाळेत एकाच भाषेची, इंग्रजी शिकत असलेली २० किंवा जास्त मुलं असली, तर शाळेला त्या भाषेतला बायलिंग्वल कार्यक्रम चालवावाच लागतो. त्याहून कमी असली तर मुख्यतः ईएसएलवर भागवता येतं. न्यू जर्सीतही आकडा वीसच, पण तो एका शाळेतला नाही, अख्ख्या डिस्ट्रिक्टमधला. टेक्ससमध्ये डिस्ट्रिक्टमधल्या एकाच इयत्तेत, एका भाषेची वीस. आकडा तोच, मोजपट्टी तीन तऱ्हेची! आणि या 'वीस'मध्ये घरी मराठी बोलणारं प्रत्येक मूल धरत नाहीत. प्रवेशाच्या वेळी घरच्या भाषेचा फॉर्म भरायचा असतो, मग मुलाची इंग्रजीची चाचणी होते, आणि त्यात कमी पडलेली मुलंच मोजली जातात. आपली आयटीवाल्यांची मुलं एक तर पहिल्याच चाचणीत सुटतात, नाहीतर दोन-तीन वर्षांत. काही आईबाप तर मूल 'मागे टाकतील' या धास्तीने फॉर्मवर घरची भाषा इंग्रजी लिहून मोकळे होतात. (हे करू नका. मदत हक्काची आहे, त्याने मुलाच्या कपाळावर काही शिक्का बसत नाही.) तर एका शाळेत अशी वीस मराठी मुलं मी तरी अजून पाहिलेली नाहीत. शनिवार-रविवारी चालणाऱ्या मराठी शाळा फार मोलाचं काम करतात, पण तिथे शिकवायला राज्याचं लायसन्स लागत नाही आणि तिथल्या शिकवण्याने ते मिळतही नाही.

भारतीय भाषांना हा रस्ता बंद आहे असं मात्र समजू नका. कॅलिफोर्नियात बायलिंग्वल नोंदीसाठी पंजाबीची परीक्षा आहे, कारण सेंट्रल व्हॅलीत पंजाबी शेतकरी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहताहेत. त्या राज्यात आणखी एक गंमत: इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना शिकवण्याची परवानगी नव्या शिक्षकाच्या मूळ लायसन्समध्येच धरलेली असते, वेगळी कमवावी लागते ती बायलिंग्वलची. न्यू जर्सीत ईएसएल हे स्वतःच्या पायावर उभं असलेलं प्रमाणपत्र आहे, पण बायलिंग्वलला प्राथमिक किंवा विषय-शिक्षकाच्या प्रमाणपत्राची जोड लागते. टेक्ससमध्ये लायसन्स असलेल्या शिक्षकाला ईएसएलसाठी एक पुरवणी परीक्षा देऊन भागतं. म्हणून 'माझ्या वहिनीने डॅलसमध्ये असं केलं' हे ऐकून इलिनॉयच्या नेपरव्हिलमध्ये फी भरायला जाऊ नये.

पदवीचं एक सांगायचं राहिलं. भारतातल्या पदवीचं इथल्या मान्य संस्थेकडून मूल्यांकन करून घ्यावं लागतं, आणि आपली तीन वर्षांची बी.ए., बी.एस्सी. प्रत्येक ठिकाणी पूर्ण बॅचलर्स धरली जात नाही. बी.एड. किंवा एम.ए. असेल तर ती गुणपत्रकंही सोबत पाठवावीत. विद्यापीठाकडून सीलबंद ट्रान्स्क्रिप्ट मागवायला किती चपला झिजतात, हे ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक आहे. हे काम सगळ्यात आधी सुरू करावं, कोर्स नंतर.

इलिनॉयमध्ये बायलिंग्वलवाल्यांसाठी एक आडवाट आहे. बॅचलर्स पदवी आहे, भाषेची परीक्षा पास आहे, पण पीईएल नाही, अशांना ट्रान्झिशनल बायलिंग्वल एज्युकेटर म्हणून पाच वर्षांचं लायसन्स मिळू शकतं. त्यावर बायलिंग्वल वर्गात पूर्ण पगारावर शिकवायचं आणि तेवढ्या काळात पीईएलचा अभ्यास पुरा करायचा. ऐकायला झकास वाटतं. पण दिवसभर पंचवीस पोरं आणि रात्री कॉलेज, वर घरची पोरं वेगळी. हे झेपलेल्या बायका मी पाहिल्यात, तिसऱ्या वर्षी हात टेकलेल्याही पाहिल्यात. शिवाय जागा त्याच भाषेच्या आणि वर्ग भरेल तिथेच. बहुतेक सगळ्या स्पॅनिशच्या. ईएसएलची जागा भाषेला बांधलेली नसते. ज्या शाळेत बारा भाषांची तीस मुलं आहेत, तिथे बायलिंग्वल शिक्षक नेमणार तरी कोणत्या भाषेचा?

म्हणून मैत्रिणीला मी माझं मत सांगितलं: पीईएल आणि त्यावर ईएसएल हा कणा धर, आणि अंगात धमक असेल तर हिंदीची परीक्षा जोडीला दे. ज्या भाषांची परीक्षा घेतात त्या यादीत हिंदी सध्या आहे का आणि जवळपासच्या कुठल्या शाळेत हिंदीची वीस मुलं आहेत का, हे डिस्ट्रिक्टच्या बायलिंग्वल विभागाला फोन करून आधी विचार. तिला ते पटलं, पण क्रम तिने उलटा लावला. कोर्सला पैसे लागतात, हिंदीला नुसती वही लागते, म्हणाली.

काल तिने वहीच्या एका पानाचा फोटो पाठवला. अपूर्णांकांची बेरीज, हिंदीतून समजावलेली. 'छेद' खोडून वर 'हर' लिहिलं होतं, सहा ठिकाणी. सातव्या ठिकाणी खोडायचं राहून गेलं होतं.