डीपी बदलते, नंबर तोच राहतो

महावितरणचं बिल हातात घ्या आणि त्यावर 'पी.सी./चक्र+मार्ग-क्रम/डीटीसी' असं जे काही अगम्य छापलेलं असतं ना, ते जरा बघा. आपण रक्कम बघतो, शेवटची तारीख बघतो, संपलं. पण कंपनीच्या सॉफ्टवेअरसाठी त्या ओळीतला शेवटचा आकडा, म्हणजे डीटीसी कोड, जाम महत्त्वाचा, कारण तुमच्या घरात वीज नेमकी कुठल्या डीपीवरून, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवरून, येते ते त्यात लिहिलेलं असतं.

वीज कंपनीकडे दोन प्रकारचा हिशोब असतो. एक सामानाचा, म्हणजे सबस्टेशन, फीडर (सबस्टेशनमधून अनेक डीपींना वीज नेणारी मुख्य लाइन), खांब, डीपी, मीटर. दुसरा माणसांचा, म्हणजे नाव, पत्ता, बिल, थकबाकी, तक्रारी. पूर्वी डीपीची माहिती एका रजिस्टरात आणि बिलिंग दुसरीकडे, दोघांची एकमेकांशी ओळखच नाही. सॅप, ओरॅकल वगैरे कंपन्यांची जी अवाढव्य सॉफ्टवेअर वीज कंपन्या घेतात ती मुळात ही दोन खाती जोडायला. आपल्याकडे याला मोठा धक्का मिळाला तो 2008 पासून, केंद्राच्या आर-एपीडीआरपी या वीज वितरण सुधारणा योजनेत, जेव्हा साधारण 30,000 च्या वर लोकसंख्या असलेल्या शहरांत खांब न् डीपी नकाशावर आणायचे आणि प्रत्येक ग्राहक कुठल्या डीपीवर आहे ते घरोघरी जाऊन नोंदवायचं असं ठरलं. कंटाळवाणं काम, पण खरी मेख तिथेच आहे.

आता गंमत बघा. डीपी जळाली, वायरमनने दुसरी आणून बसवली. तर सॉफ्टवेअरमध्ये काय बदलायचं? डीटीसी कोड बदलत नाही, कारण तो जागेचा आहे, एसटीच्या सीट नंबरसारखा, प्रवासी उतरला तरी सीट तीच. बदलतो तो यंत्राचा सिरीयल नंबर. जळालेलं यंत्र रिपेअरला जातं आणि परत येऊन भलत्याच गावात बसतं, पण त्याची हिस्टरी त्याच्याबरोबर जायला हवी. म्हणजे एकच जागा दर दोन वर्षांनी डीपी खात असेल तर दोष लोडमध्ये किंवा अर्थिंगमध्ये शोधायचा, आणि एकच यंत्र चार जागी जाऊन जळत असेल तर रिपेअरवाल्याला धरायचा. दोन्ही नोंदी एकत्र कालवल्या तर यातलं काहीच कळत नाही.

ग्राहक जोडलेले असले की ऊर्जा लेखापरीक्षण करता येतं, नाव भारी पण गणित शाळेतलं. समजा डीपीच्या मीटरमधून महिन्याला 10,000 युनिट गेले आणि तिच्यावरच्या घरांची बिलं 9,000 युनिटची झाली, तर गळती 10 टक्के. आता त्यातली 2,000 युनिट वापरणारी वीसेक घरं चुकून शेजारच्या डीपीच्या नावावर पडली. लगेच या डीपीची गळती 30 टक्के दिसायला लागते, चोरी पकडायला पथक येतं, हाती काही लागत नाही. आणि शेजारची डीपी, तीही एवढीच असेल तर, उणे 10 टक्के गळती दाखवते, म्हणजे पाठवली त्याच्यापेक्षा जास्त वीज लोकांनी वापरली! अशी उणे गळती दिसली की समजायचं, चोर नाही, नोंद चुकलीये. माझ्या मते कुठल्याही वीज कंपनीच्या डेटाची तब्येत बघायची तर आधी उणे गळतीवाल्या डीपी मोजाव्यात, रंगीत डॅशबोर्ड नंतर.

याच जोडणीवर डीपीचं आयुष्यही मोजतात. आतल्या कॉइलवर कागद गुंडाळलेला असतो, तेलात बुडालेला, आणि डीपीचं वय म्हणजे बऱ्याच अंशी त्या कागदाचं वय. साध्या क्राफ्ट कागदाचा नियम असा की सगळ्यात गरम जागी 98 अंशाला तो ज्या वेगाने झिजतो त्याच्या दुप्पट वेगाने 104 ला आणि चौपट वेगाने 110 ला. छोट्या डीपीत तापमान मोजायला सेन्सर सहसा नसतो, मग काय करायचं, तर तिच्यावरच्या सगळ्या घरांच्या मीटरची बेरीज करून लोड काढायचा आणि लोडवरून उष्णतेचा अंदाज बांधायचा. इथेही घरं चुकीच्या डीपीवर नोंदलेली असली की अंदाज कोलमडला.

महिन्यातून एकदा रीडिंग घेऊन हे जमत नव्हतं. स्मार्ट मीटर दर 15 मिनिटांनी नोंद ठेवत असेल तर तीस दिवसांत 2,880 आकडे होतात, एका घराचे. शिवाय बऱ्याच स्मार्ट मीटरमध्ये छोटा कपॅसिटर असतो, लाइट गेली की त्यातल्या उरलेल्या विजेवर मीटर 'मी गेलो' असा शेवटचा मेसेज पाठवून मगच बंद पडतो. एकाच घराचा मेसेज आला तर घराची सर्व्हिस वायर, अख्ख्या डीपीचे आले तर डीपी, अनेक डीपींचे आले तर फीडर, हे फोन यायच्या आधी कळू शकतं. अर्थात नोंद बरोबर असेल तर.

आणि नोंद तपासायलाही हेच आकडे कामी येतात. एका डीपीवरच्या घरांचं व्होल्टेज साधारण एकत्र खाली-वर होतं, कोणी मोठी मोटर चालू केली की त्या सगळ्यांचं व्होल्टेज क्षणभर थोडं खाली जातं. म्हणून महिनाभराचे व्होल्टेजचे आलेख एकावर एक ठेवून बघितलं की कुठलं घर खरं कोणत्या डीपीवर आणि कोणत्या फेजवर आहे याचा अंदाज कम्प्युटरला काढता येतो. दोन डीपी एकाच फीडरवर जवळजवळ असतील, दोन्हीवर लोडही सारखाच, तर मात्र आलेख इतके सारखे दिसतात की शेवटी वायरमनलाच खांबापासून घरापर्यंत वायर बघत जावं लागतं.