पणजीचं माहेर कागदात का सापडत नाही? सातारा भागातली पार्श्वभूमी

2023 नंतर सातारा-सांगलीकडं घरोघरी वंशावळी निघाल्या. मराठा आरक्षणासाठी कुणबी दाखला काढायचा, त्याला जुनी कुणबी नोंद शोधायची म्हणून लोकांनी तहसीलमध्ये चकरा मारल्या, गाव नमुना 14 म्हणजे कोतवाल बुक (जन्म-मृत्यूची नोंदवही), शाळेचं जनरल रजिस्टर, जुने फेरफार सगळं उपसलं, मोडी वाचणाऱ्यांना तर अचानक मागणी आली. पण या वंशावळी बघा, सगळे बाप्येच. दाखल्याला बापाकडचं रक्ताचं नातंच चालतं, त्यामुळं पणजी कुठल्या गावची, कुणाची लेक हे विचारायची कुणाला गरजच पडली नाही. जानेवारी 2024 मध्ये दाखल्यासाठी सगेसोयरे कोणाला म्हणायचं याचा सरकारी मसुदा आला तेव्हा जरा चर्चा झाली, पण तिथंही व्याख्या फिरली ती बापाच्याच पिढ्यांभोवती.

आणि ‘सातारा गॅझेट’मध्ये काहीतरी मिळेल म्हणून बसलेत त्यांच्यासाठी सांगतो, 1885 चं ते गॅझेटियर म्हणजे जिल्ह्याचं वर्णन आहे. जाती, पिकं, बाजार, जनगणनेचे आकडे. तुमच्या घरातलं नाव त्यात नसणार, ना पणजोबांचं ना पणजीचं.

आता मूळ अडचण. त्या काळात लग्नात पोरीचं आडनाव तर जायचंच, पण तांदळात बोटानं नवं नाव लिहिलं की बऱ्याच घरांत पहिलं नावही जायचं. माहेरची कोंडी सासरी सगुणा झाली आणि सरकारी कागदात ‘सगुणा कोम राणू’. राणूची बायको, एवढंच. राणू गेल्यावर पोरं लहान असली की पोराच्या नावापुढं ‘अ.पा.क. आई सगुणा’ येतं, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. तिथंही आडनाव सासरचंच, ते पण लिहिलं असेल तर.

म्हणजे तिचं माहेर शोधायचं तर माहेरच्याच गावच्या कागदात शोधायला पाहिजे, आणि इथं 1886 चा एक निर्णय आडवा येतो ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

त्याआधीची गोष्ट थोडक्यात. सातारचं राज्य 1848 ला दत्तक नामंजूर करून खालसा झालं, मग इनाम कमिशननं इनामदार-वतनदारांकडून सनदा, कैफियती, वंशावळी मागवल्या. 1874 ला वतनाचा, म्हणजे पिढीजात गावकामाचा आणि त्याबदल्यातल्या जमिनीचा, कायदा आला. आणि 1886 मध्ये मुंबई सरकारनं त्यात दुरुस्ती केली की वतनाच्या वारसात बाईचा नंबर घरातल्या लायक पुरुषांच्या मागं. लेक असो, बहीण असो, बाईमार्फत हक्क सांगणारा नातू असो, सगळे मागं. अपवाद एकच, शेवटच्या पुरुष मालकाची विधवा.

हा अपवाद नीट बघा, कारण सगळा घोळ त्यातच आहे. विधवा म्हणून बाई सासरच्या कागदावर येते, पण लेक म्हणून माहेरच्या कागदावर येत नाही, चुलत्याचा पोरगा वारस लागतो आणि ती गायब. सरकारचं म्हणणं असं की वतन म्हणजे नुसती जमीन नाही, चाकरी आहे, ती जावयाच्या घरात कशी जाऊ द्यायची. पटण्यासारखं वाटतं खरं, पण बदली माणूस नेमून काम चालवायची सोय कायद्यात होतीच, मग लेकीच्या वेळीच ही अडचण का आठवली? मला तर यात भावकीची सोय जास्त दिसते. हायकोर्टापर्यंत यावर भांडणं गेली. आणि हे फक्त पाटील-कुलकर्ण्यांचं नाही, महार वतनालाही तोच कायदा. खालची वतनं 1959 ला आणि पाटीलकी 1963 ला गेली, तोपर्यंत जवळपास पाऊण शतक हेच चाललं.

उलट साध्या रयतेच्या जमिनीत, भाऊबंद विभक्त असले आणि बापाला पोरगा नसला, तर त्याच्या विधवेनंतर लेक वारस लागायची, आणि मुंबई इलाख्यात तिला मिळालेली मिळकत पूर्ण मालकीची धरायचे. म्हणजे गंमत अशी की गावच्या पाटलाची लेक कागदातून गेली आणि बिनवतनी कुणब्याची लेक राहिली. 1903 च्या कायद्यानं हक्कनोंदणी सुरू झाली, त्यानंतरच्या वारस फेरफारात ‘मयताची मुलगी अमुक भ्रतार तमुक’ अशी ओळ मिळते, बापाचं नाव, नवऱ्याचं नाव, सगळं एका जागी. पणजीला भाऊ नव्हता असं घरात कुणी सांगत असेल तर पहिला हा फेरफार बघा.

भाऊ असला तर दुसऱ्या वाटा. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, त्यामुळं थोरल्या पोराची जन्मनोंद घरच्या गावच्या नमुना 14 मध्ये नसेल तर ती हरवली असं लगेच समजू नका, ती आजोळच्या गावात असू शकते. मामाकडं शिकलेल्या पोराच्या शाळेच्या रजिस्टरात पालक म्हणून मामा सापडतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यांच्या वह्याही बघाव्यात, कारण श्राद्धात आईच्या बापाचं, आज्याचं, पणज्याचं नाव घ्यावं लागतं आणि ते विचारून लिहिलेलं असण्याची शक्यता असते. देवकाचा (घराण्याच्या कुळचिन्हाचा) उपयोग एवढाच की एका देवकात लग्न होत नसल्यानं सासरचंच देवक असलेली घराणी यादीतून काढून टाकता येतात.

गाव कळलं तरी ते कुणाच्या राज्यात होतं ते बघावं लागतं. आटपाडी, कुंडल औंध संस्थानात, मिरज-सांगली पटवर्धनांकडं, जत-फलटण वेगळी संस्थानं, त्यांचं दप्तर ब्रिटिश मुलखासारखं नसतं. वाळवा-तासगाव मात्र तेव्हा सातारा जिल्ह्यातच. दक्षिण सातारा 1949 ला वेगळा झाला, सांगली हे नाव 1960 ला मिळालं, त्यामुळं वाळवा-तासगावच्या 1949 आधीच्या कागदावर सांगली शोधत बसू नका, तिथं जिल्हा सातारा असणार.