चंद्राच्या पानावरची कुर्ली

मे महिन्यात मालवणात आमच्या घरी उतरलेल्या पाहुण्यांनी रात्री पडवीत टॅरोची, म्हणजे भविष्य बघायच्या पत्त्यांची, पानं मांडली. आतेनं त्यातलं एक उचलून दिव्याखाली धरलं. वर चंद्र, खाली दोन बुरूज, त्याकडे तोंड करून भुंकणारी दोन जनावरं आणि पुढे डबक्यातून काठावर येणारा एक जीव. "ही खंयची कुर्ली? तिका शेपटी आसा!" आते म्हणाली. कुर्ली म्हणजे खेकडा. शेवंड म्हणावी, तर शेवंडीला एवढे डेंगे कुठले?

आतेची नजर बरोबर होती. तो जीव म्हणजे क्रेफिश, युरोपातल्या ओढ्यांत सापडणारा, शेवंडीच्या अंगाचा आणि कुर्लीच्या डेंग्यांचा. पानावर मात्र तो कुर्लीच्याच जागी बसलाय. जुन्या युरोपीय हस्तलिखितांत कर्क राशीचं चित्र म्हणून बऱ्याचदा हाच प्राणी काढत. आणि कर्केचा स्वामी चंद्र. आपल्या पंचांगातही तोच, कारण राशींचं हे चक्र आपल्याकडे ग्रीकांकडून आलं. 'यवनजातक' या जुन्या ज्योतिषग्रंथाच्या नावातच ते आहे, यवन म्हणजे ग्रीक. त्या ग्रीकांना आपला किनारा परका नव्हता. पहिल्या शतकातल्या त्यांच्या एका दर्यावर्दी वहीत सोपारा, कल्याण, चौल ही बंदरं नोंदलेली आहेत.

टॅरो मुळात भविष्याचं साधनच नव्हे. 15व्या शतकात उत्तर इटलीत, मिलान आणि फेराराच्या दरबारी मंडळींत रंगणारा तो पत्त्यांचा डाव. 78 पानं, त्यांतली 21 कायमची हुकूम आणि एक विदूषक. चंद्र हा अठरावा हुकूम, त्याच्या वर सूर्य. सर्वांत जुन्या हाती रंगवलेल्या पानांवर तर कुर्लीही नाही आणि कुत्रेही नाहीत. एकावर हातात चंद्रकोर धरलेली बाई, दुसऱ्यावर चंद्राखाली कंपास घेऊन मोजमाप करणारे ज्योतिषी. डबकं, बुरूज, कुत्रे आणि वरून गळणारे थेंब हे पुढे लाकडी ठशांवर छापलेल्या फ्रेंच पत्त्यांत स्थिरावलं.

त्या थेंबांचा अर्थ लावला 1781 साली, पॅरिसमध्ये आंत्वान कूर द जेबलँ यांनी. टॅरो म्हणजे प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान, असं त्यांनी ठोकून दिलं. थेंब म्हणजे इसिस देवीचे अश्रू, ज्यांनी नाईलला पूर येतो. कुत्रे म्हणजे कर्कवृत्त आणि मकरवृत्ताचे राखणदार, सूर्यचंद्रांना हद्द ओलांडू न देणारे. वाचायला झकास आहे, नाही असं नाही. पण इजिप्तची लिपी उलगडली 1822 मध्ये, म्हणजे या अर्थानंतर 41 वर्षांनी! तोवर पत्ते बघून भविष्य सांगण्याचा धंदा पॅरिसात चांगलाच जमला होता.

आज पाहुण्यांच्या पिशवीत असतो तो संच बहुतेक 1909चा, लंडनचा. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. दोन कुत्र्यांतला एक इथे लांडगा झाला. वेट यांनी पानाचे अर्थ दिले ते असे: छुपे शत्रू, धोका, खोटा आळ, अंधार, भीती, फसवणूक. खोटा आळ वाचून मी थबकलो. गणेशचतुर्थीला चंद्र पाहिला तर चोरीचा आळ येतो, म्हणून कोकणात आम्ही मान खाली घालून अंगण ओलांडलेलं आहे. स्यमंतक मण्याच्या गोष्टीत साक्षात कृष्णही त्यातून सुटला नाही. संबंध काही नाही, निव्वळ योगायोग. पण चंद्राच्या अपुऱ्या उजेडात माणूस चुकीचं पाहतो आणि चुकीचं बोलतो, हे दोन्हीकडच्यांना ठाऊक असणार.

चंद्र आणि मन यांची सांगड तर आपल्याकडे फारच जुनी. 'चंद्रमा मनसो जातः' हे पुरुषसूक्तातलं. पत्त्यांच्या बाबतीतही सावंतवाडीची गंजिफा काही कमी नाही. दशावतारी गंजिफेत 120 गोल पानं, दहा अवतारांची दहा घरं. दिवसा डाव मांडला तर सुरुवात रामाच्या राजानं, रात्री मांडला तर कृष्णाच्या राजानं. राम सूर्यवंशी, कृष्ण चंद्रवंशी! इतका साधा नियम, पण बाहेर उजेड आहे की अंधार हे खेळणाऱ्याला पानं हातात घेण्याआधी बघावं लागतं. मला तो चंद्राच्या पानापेक्षा जास्त आवडतो.

किनाऱ्यावर मात्र चंद्राला फसवा म्हणणं जड जातं. इथे तो घड्याळ आहे. तिथीची पाऊणपट केली की पुऱ्या भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. पौर्णिमा उलटली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. पुनवेला आणि अवसेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे मंद भरती. कुर्लीचंही तसंच: अवसेची भरलेली, पुनवेची पोकळ, असं बाजारात प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतं आणि विकणारी ते कधीच कबूल करत नाही.

आतेनं ते पान बराच वेळ फिरवून बघितलं. पूर्ण वाटोळ्या चंद्रात चंद्रकोर काढलेली, त्या कोरीत डोळे मिटलेला चेहरा. "हेची तिथी खंयची?" तिनं विचारलं. पाहुणी हसली, म्हणाली, हे प्रतीक आहे, तिथी नसते. आतेनं पान परत दिलं. "मगे ही कुर्ली भरलली काय पोकळ, ता कसा कळतला?"